खलनायकाला नायक करताना त्याचे पंख का छाटले?

गेल्या काही वर्षांत सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एक वस्तू दिसू लागली आहे. तळहातावर मावणारं, राखाडी नाहीतर पारदर्शक प्लास्टिकचं गेमयंत्र, ज्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे गेम चालतात. मोबाईलवर झगमगते गेम फुकट मिळत असताना पोरं आणि त्यांचे चाळिशीतले बाप या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत काय बघतात, असा प्रश्न घरातल्या बाकीच्यांना पडतो. त्यातच ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. तेव्हापासून तर ‘गेम’ म्हटलं तरी अनेक आयांच्या कपाळावर आठ्या पडतात. सगळे गेम एकाच माळेचे मणी, असं सर्रास बोललं जातं.

यावर मोघम चर्चा करण्यापेक्षा एकच गेम घेऊन तो आतून उघडून बघू. मी निवडलेला गेम १९९०चा आहे, नाव ‘गार्गॉइल्स क्वेस्ट’. त्याचा नायक राजपुत्र नाही की सैनिक नाही. तो पंख असलेला, तोंडातून आग फेकणारा लाल राक्षस आहे. नुसत्या नियमांमधून मजा कशी तयार होते, हे समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

## आधी तोंडओळख

जपानच्या कॅपकॉम कंपनीनं हा गेम निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या यंत्रासाठी काढला. गार्गॉइल म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चच्या छतावर कोरलेली भेसूर दगडी आकृती. पावसाचं पाणी तिच्या तोंडातून खाली पडतं. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजावर शरभ कोरलेला असतो, त्याच जातीची ही कल्पना: दिसायला भयंकर, पण नेमलेली राखण करायला.

नायकाचं नाव फायरब्रँड. तो राहतो ते जगच राक्षसांचं आहे. तिथं त्यांची गावं आहेत, राजे आहेत, म्हातारेकोतारे आहेत. शेकडो वर्षांपूर्वी या जगावर परकी सेना चालून आली होती आणि एका लाल ज्वाळेनं तिचा नाश केला, अशी त्यांची आख्यायिका आहे. आता ब्रीगर नावाचा राजा पुन्हा चाल करून आला आहे आणि फायरब्रँडला आपलं जग वाचवायचं आहे.

खेळाचे दोन भाग आहेत. एका भागात आपण वरून बघतो. नकाशावर चालायचं, गावात शिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कामं समजून घ्यायची. दुसऱ्या भागात आपण बाजूनं बघतो, आणि तिथं उड्या आहेत, काटे आहेत, शत्रू आहेत. नकाशावर चालतानाही मध्येच गाठ पडून लहानशी लढाई जुंपते. त्या काळी हे दोन प्रकार बहुधा वेगवेगळ्या गेममध्ये असत. इथं ते एकत्र नांदतात, आणि गेमचा विक्षिप्तपणा यातूनच आला आहे.

## हा राक्षस आला कुठून?

हा मुळात खलनायकच होता. कॅपकॉमनंच १९८५ साली ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ नावाचा गेम काढला. नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी तो होता आणि तोकुरो फुजिवारा यांनी तो रचला होता. त्यात आर्थर नावाचा सरदार स्मशानातून वाट काढत निघतो. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं, दुसरा बसला की हाडांचा सापळा होतो.

त्या गेममध्ये लोकांना सर्वांत जास्त छळलं ते एका लाल पंखवाल्या राक्षसानं. तो निवांत बसलेला दिसतो. आपण जवळ गेलो की भुर्रकन उडतो, फेकलेला भाला चुकवतो आणि अचानक सूर मारून अंगावर येतो. आता आर्थरकडे बघा. त्यानं एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. जिकडे झेप घेतली तिकडेच पडायचं. म्हणजे ज्याला हवेत वळताही येत नाही, त्याची गाठ हवेत मनसोक्त बागडणाऱ्याशी घालून दिलेली. हा असमतोल मुद्दाम ठेवलेला होता, आणि त्यामुळेच तो राक्षस खेळणाऱ्यांच्या डोक्यात घर करून बसला.

पाच वर्षांनी कंपनीनं त्याच राक्षसाला नायक केलं. आणि इथंच खरी अडचण उभी राहिली.

## पंख छाटले, म्हणून खेळ झाला

अशी कल्पना करा की तुम्हाला त्या राक्षसाची सगळी ताकद मिळाली. वाटेल तितकं वर उडा, वाटेल तिथं थांबा, अंगावर आलेलं चुकवा. आता समोर खड्डा आला तर काय होईल? काहीच नाही, वरून उडून जाल. काट्यांचं मैदान आलं तरी तेच. ज्या गेममध्ये पडण्याची भीती नाही, त्यात उडी मारण्याला काही अर्थच उरत नाही. शत्रूला शोभलेली ताकद नायकाला जशीच्या तशी दिली असती, तर पहिल्या पाच मिनिटांत खेळ मेला असता.

गेम रचणारे लोक ‘मेकॅनिक’ असा शब्द वापरतात. खेळणाऱ्याला करता येणारी एखादी कृती आणि त्या कृतीवरची बंधनं, दोन्ही मिळून मेकॅनिक होतो. सोपेपणासाठी पुढे मी त्याला नुसतं ‘नियम’ म्हणतो. या गेमच्या मुळाशी असलेला नियम असा आहे: फायरब्रँड उडी मारू शकतो. हवेत असताना पुन्हा बटण दाबलं की तो पंख पसरून तरंगतो, पण फक्त आडवा. तरंगताना वर चढता येत नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला पंखांच्या शक्तीची पट्टी असते. तरंगायला लागलं की ती भराभर उतरते, आणि संपली की तो दगडासारखा खाली येतो. पाय जमिनीला लागले की पट्टी पुन्हा भरते. शिवाय त्याला नखं आहेत. उभ्या भिंतीला तो पालीसारखा चिकटतो, आणि भिंतीला चिकटल्यावरही पट्टी भरते.

एवढाच नियम आहे, पण त्यातून काय काय निघतं ते बघा.

समोर दरी आहे. उडीच्या अगदी टोकाला पंख उघडले तर तुम्ही उंच राहता, पण उडीचा उतरता भाग वापरायचा राहून जातो. थोडं खाली येऊन उघडले तर त्या उतारानं थोडं अंतर जास्त कापलं जातं, पण तोवर उंची गेलेली असते. पलीकडचा काठ उंच असेल तर पहिला मार्ग धरायचा, खोल असेल तर दुसरा. पलीकडचा काठ पट्टीत बसणारच नसेल तर मध्ये एखादी भिंत, एखादा खांब आहे का ते शोधायचं. तिथं चिकटून दम घ्यायचा आणि पुढे निघायचं. त्या खांबावर काटे असतील तर चिकटता येणार नाही, मग दुसरी वाट. आणि हे सगळं चालू असताना समोरून एखादा उडता शत्रू येतोय. त्याला आग फेकून मारायचं की खाली पडून चुकवायचं?

एका पट्टीनं हे सगळे प्रश्न जन्माला घातले. रचणाऱ्यांनी त्यासाठी शंभर हत्यारं दिली नाहीत. त्यांनी नायकाला एक गोष्ट मर्यादेत दिली आणि मग प्रत्येक दरी, प्रत्येक भिंत त्या मर्यादेच्या मापानं कापली. मला हा गेम आवडण्याचं पहिलं आणि मोठं कारण हेच आहे. भव्य चित्रं नसली तरी इथं प्रत्येक इंच विचार करून घातलेला आहे, आणि खेळताना हाताला तो जाणवतो.

पुढे ही मर्यादा हळूहळू सैल होते. कामं पार पाडाल तसा फायरब्रँड उंच उडी मारू लागतो, पंख जास्त वेळ टिकतात, जास्त फटके सोसता येतात. फेकायच्या अस्त्रांतही भर पडते. एक अस्त्र वाटेतले दगड फोडतं. दुसरं काटेरी भिंतीवर तात्पुरता आधार तयार करतं, म्हणजे आधी जिथं चिकटता येत नव्हतं तिथं आता येतं. या दुसऱ्या अस्त्राचं मला विशेष कौतुक वाटतं. ते शत्रूपेक्षा जास्त जागा जिंकून देतं. पहिल्या टप्प्यात घाम फोडणारी दरी शेवटाकडे सहज ओलांडता येते, आणि आपण किती वाढलो हे कुणी आकड्यांत सांगावं लागत नाही.

## एवढुशा यंत्रात हे मावलं कसं?

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी बाजारात आला. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते. या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. रंग नव्हतेच, राखाडी-हिरवट छटा फक्त चार. कामाची मेमरी ८ किलोबाइट आणि चित्रांसाठी वेगळी ८ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो याच्या शेकडो पट जागा खातो.

मग यात डोंगर, गावं, राक्षस आणि दऱ्या बसवल्या कशा? सोलापूरकराला हे समजणं सगळ्यांत सोपं आहे, कारण आपल्या चादरीवरचा मोर याच हिशोबानं विणला जातो.

जकार्डच्या मागावर चादर कशी होते ते आठवा. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकोन म्हणजे उभा धागा वर की खाली, एवढंच. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एका पत्त्यावर बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. हे पत्ते एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर चढवतात आणि ती माळ फिरत राहते. म्हणून मोर एकदाच काढला तरी चादरभर दिसतो. पूर्ण चादरीचा प्रत्येक धागा कुणी स्वतंत्र आखत नाही. नक्षीचा तुकडा एकदा बनवायचा, आणि तो कुठे कुठे यायचा तेवढं ठरवायचं.

गेम बॉयनं हेच केलं. तिथं नक्षीचा तुकडा म्हणजे ८ गुणिले ८ पिक्सेलचा चौकोन. त्याला टाइल म्हणतात. चार छटांपैकी कोणती, हे सांगायला प्रत्येक पिक्सेलला दोन बिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे अख्खी टाइल १६ बाइटमध्ये बसते. पडदा भरायला आडव्या २० आणि उभ्या १८, एकूण ३६० टाइल लागतात. पण या ३६० वेगवेगळ्या असण्याची गरज नाही. विटेची एक टाइल काढली की अख्खी भिंत उभी राहते. ढगाच्या दोन-तीन टाइलमध्ये आभाळ होतं.

हिशोब करून बघण्यासारखा आहे. चित्रांच्या त्या ८ किलोबाइटमध्ये, म्हणजे ८१९२ बाइटमध्ये, ३८४ टाइल मावतात. त्यांना ६१४४ बाइट लागतात. उरलेल्या २०४८ बाइटमध्ये दोन नकाशे बसतात. नकाशा म्हणजे ३२ गुणिले ३२ चौकोनांची यादी, आणि प्रत्येक चौकोनात फक्त टाइलचा क्रमांक. असा एक नकाशा १०२४ बाइटचा. एक बाइटही वाया गेलेला नाही. पडद्यापेक्षा नकाशा मोठा असल्यामुळे त्यावरून ‘खिडकी’ सरकवत नेली की आपल्याला वाटतं, नायक चालत पुढे निघाला आहे.

चादरीशी जुळत नाही ती गोष्ट एकच. चादर एकदा विणली की झाली. इथला पडदा सेकंदाला जवळपास साठ वेळा नव्यानं विणला जातो.

हलणारी पात्रं, म्हणजे फायरब्रँड, शत्रू, आगीचे गोळे, या नक्षीवर वेगळी ठेवली जातात. त्यांना स्प्राइट म्हणतात. एका वेळी ४० स्प्राइट दाखवता येतात, पण पडद्याच्या एका आडव्या ओळीवर १०च. मोठं पात्र अनेक स्प्राइट जोडून बनतं, त्यामुळे दोन-तीन राक्षस एका रेषेत आले की ही मर्यादा लगेच गाठली जाते आणि जादाचे तुकडे दिसेनासे होतात. कुणी कायमचं गायब होऊ नये म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे आळीपाळीनं तुकडे दाखवत. जुन्या गेममध्ये शत्रू लुकलुकताना दिसतात ते यामुळे. यंत्र बिघडलं असं समजून अनेकांनी ते परत केलं असेल, पण त्या लुकलुकण्यातच ते सगळ्यांना न्याय देत असतं.

## रंग नाहीत, मग हा दरिद्री गेम नव्हे का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. अटारी आणि सेगा या कंपन्यांची हातातली यंत्रं रंगीत होती. पण त्यांना सहा-सहा सेल लागत आणि काही तासांत ते संपत. गेम बॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट चालायचा आणि स्वस्तही होता. तो ज्यांच्या हाताखाली घडला ते गुनपेई योकोई यांचं सूत्रच होतं की जुनं, पिकलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि ते नव्या तऱ्हेनं वापरावं. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगभरात ११ कोटी ८६ लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

आपल्याकडे त्या काळी खरा गेम बॉय क्वचितच कुणाकडे असे. गड्ड्याच्या यात्रेत मिळायचा तो ब्रिक गेम, दहा आडव्या आणि वीस उभ्या ठोकळ्यांचा. पण तोही तासन्‌तास हातातून सुटत नसे, आणि त्याला रंग नाहीत अशी तक्रार कुणी केलेली मला आठवत नाही.

त्या पडद्याचा एक दोष मात्र खरा होता. चित्र वेगानं सरकलं की मागे पुसट सावली राहायची. धावणाऱ्या नायकाचे गेम त्यावर धुरकट दिसत. शिवाय पडदा लहान, त्यामुळे वेगानं पुढे गेलं तर समोरचा शत्रू दिसेपर्यंत टक्कर झालेली असायची. आता तरंगण्याचा नियम पुन्हा आठवा. फायरब्रँड हवेत थबकतो, भिंतीला चिकटून थांबतो, अंदाज घेतो आणि मग निघतो. पडद्याला झेपेल इतकाच वेग. यंत्र आणि नायक एकमेकांच्या मापाचे निघाले. रचणाऱ्यांनी हे नेमकं याच कारणानं केलं असा माझा दावा नाही, पण खेळताना ते दोन्ही एकाच कापडातून कापल्यासारखे वाटतात.

## पासवर्ड ही काय भानगड?

आजच्या मुलाला हे विचित्र वाटतं की या गेममध्ये जिथं सोडलं तिथून आपोआप सुरू होत नाही. गेमच्या तुकड्याला आपण तेव्हा कॅसेट म्हणायचो. त्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवायची तर जादा मेमरी आणि ती जिवंत ठेवायला लहानशी बॅटरी लागे, आणि त्याचा खर्च वाढे. म्हणून कंपन्या पासवर्ड देत. पासवर्ड म्हणजे गुप्त दाराची किल्ली नव्हे. तुम्ही कुठवर पोहोचलात, पंखांची ताकद किती, कोणती अस्त्रं मिळाली, ही सगळी माहिती थोड्याशा अक्षरांत दाबून बसवलेली असते. यंत्र ती अक्षरं उलगडून तुमची स्थिती पुन्हा उभी करतं. साठवण्याचं काम यंत्राऐवजी तुमची वही करते.

## राक्षसाला नायक करून मुलांच्या डोक्यात काय भरतंय?

हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो, म्हणून गंभीरपणेच उत्तर देतो.

दिवाळीच्या पाडव्याला आपण काय म्हणतो? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी कोण होता? असुरांचा राजा. ज्याला पाताळात घातलं त्याचंच राज्य परत यावं म्हणून मराठी घरांत बाया ओवाळतात, आणि शेतकऱ्याला आपण त्याच्याच नावानं बळीराजा म्हणतो. भीमाचा मुलगा घटोत्कच राक्षसीणीच्या पोटचा, पण पांडवांसाठी प्राण देणारा. त्याच्यावर जीव लावायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. जन्म कुठल्या कुळात झाला यावरून माणूस ठरत नाही, तो काय करतो यावरून ठरतो, ही गोष्ट आपल्या कथांना कधीच परकी नव्हती.

फायरब्रँड काय करतो तेवढंच तपासा. तो आपल्या भूमीवर चालून आलेल्याशी लढतो. गावागावांत जाऊन लोकांचं ऐकतो. अडलेल्याचं काम करतो. पडद्यावर रक्त नाही. मारलेला शत्रू फुटून नाहीसा होतो. माझ्या मते लहान मुलाला यातून एक गोष्ट नक्की कळते की ज्याला आपण आधीच्या गोष्टीत ‘वाईट’ समजत होतो, त्याचंही घर असतं, गाव असतं, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं वाढतात. त्यांना ही दृष्टी मिळाली तर मला आनंदच आहे.

## पण हा तर फार अवघड आहे

आहे. आणि सुरुवातच सर्वांत अवघड आहे, कारण तेव्हा पंख कोवळे असतात आणि फटके सोसायची ताकद जेमतेम असते. पुष्कळ जण पहिल्याच टप्प्यात गेम सोडून देतात. रचनेतला हा दोष आहे असं मी मानतो. नवख्याला शिकायला थोडी मोकळी जागा द्यायला हवी होती.

तरी अवघड आणि अन्यायी यांत फरक आहे. इथं पडलात तर का पडलात ते दिसतं. पंख लवकर उघडले, पट्टी संपली, खांबाकडे बघितलं नाही. पुढच्या वेळी तेवढी एक गोष्ट सुधारता येते. मोबाईलवरचे अनेक फुकट गेम मुद्दाम अडवतात आणि मग पुढे जाण्यासाठी पैसे मागतात. या गेममध्ये पैसे देऊन दरी ओलांडता येत नाही. कॅसेट एकदा घेतली की संपलं.

## हाही जुगारच ना?

नाही. २०२५च्या कायद्यानं ज्यावर बंदी आणली ते ऑनलाइन गेम पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायचे असतात. तोच कायदा ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या खेळासारख्या स्पर्धा, आणि मनोरंजनाचे किंवा शिकवणारे गेम यांना वेगळं काढतो आणि त्यांना चालना द्यायची भाषा करतो. एकट्यानं खेळायचा, इंटरनेटही न लागणारा, काहीही पणाला न लावणारा गेम या बंदीत बसत नाही. रमीच्या अॅपनं घर बुडालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्या बंदीची गरज मला पटते. म्हणूनच वाटतं की आईबापांनी दोन्हींना एकाच काठीनं हाकू नये. मूल काय खेळतंय ते विचारताना पहिला प्रश्न हा असावा: यात पैसे आत जातात का?

वेळेचं म्हणाल तर मर्यादा इथंही घालावी लागते. एवढंच की या गेमला शेवट आहे, आणि तो गाठला की मूल बाहेर येतं.

## यंत्रात आयते भरून आलेले हजारो गेम चालतात का?

हा भाग नीट वाचावा. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त यंत्रांत ‘पाच हजार गेम आत’ असं लिहिलेलं असतं. त्यांच्या आत एम्युलेटर असतो. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, जो गेमला वाटू देतो की आपण खऱ्या गेम बॉयवरच चालतोय. एम्युलेटर स्वतः गुन्हा नाही. प्रश्न आतल्या गेमचा आहे. भारताचा १९५७चा प्रताधिकार कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीइतकंच संरक्षण देतो, आणि मालकाच्या परवानगीशिवाय भरून विकलेले गेम या संरक्षणाचा भंग करतात.

‘सोलापुरी’ असा शिक्का मारून भलत्याच गावी विणलेली चादर विकली जाते, तेव्हा आपल्याला किती राग येतो ते आठवा. भौगोलिक मानांकन मिळूनही तो त्रास संपलेला नाही. गेम रचणाऱ्यांचा राग त्याच जातीचा आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३मध्ये पाहणी करून दाखवलं की तिथं २०१०पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. निन्टेंडोनं थ्रीडीएस या यंत्राचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद केलं, तेव्हा ‘गार्गॉइल्स क्वेस्ट’ विकत घ्यायची तिथली वाटही बंद झाली. मालक विकत नाही आणि दुसऱ्यानं जपलेलं चालत नाही, अशा कात्रीत हे काम नाहीसं होऊ शकतं. ग्रंथालयं आणि संग्रहालयांना असे गेम जपण्याची आणि अभ्यासकांना दाखवण्याची मोकळीक मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. पण त्याचा आधार घेऊन पाच हजार गेमचं खोकं विकणाऱ्याची बाजू घेता येत नाही.

## मग खेळायचा कुठे?

या गेमच्या बाबतीत तरी सरळ वाट आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये निन्टेंडोनं स्विच यंत्राच्या वर्गणीदारांसाठी गेम बॉयचे जुने गेम खुले केले, आणि पहिल्याच खेपेत त्यात हा होता. त्याच राक्षसाचा १९९४चा ‘डेमन्स क्रेस्ट’ हा टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठीचा रंगीत गेमही त्याच वर्गणीत मिळतो. तो दिसायला कितीतरी देखणा आहे, पण नियम समजायला आधी गेम बॉयचाच खेळावा. ज्यांच्याकडे जुनं यंत्र आहे त्यांना सेकंडहँड कॅसेटही चालेल, फक्त विकत घेण्याआधी ती लावून बघावी.

स्विचवर चूक झाली की गेम काही क्षण मागे नेण्याची सोय आहे. अवघड टप्प्यात मुलांनी ती जरूर वापरावी. पहिल्या दरीपाशी मात्र थोडा वेळ तिला हात लावू देऊ नका. पट्टी कधी उतरते, पंख कधी उघडायचे, भिंत कुठे आहे, हे दोन-चारदा पडल्यावर आपोआप कळतं, आणि पुढचा सगळा गेम त्याच समजेवर चालतो.